तुतारी, पिपाणी आणि पाकीट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

४ जून २०२४ ची दुपार. लोकसभेचा निकाल लागत होता. आमचा पुण्याचा भाचा त्या वेळी साताऱ्याला आमच्याकडे मुक्कामाला होता. एका हातात आंब्याची फोड, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलकडे बघत तो एकदम खो खो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या सातारकरांना तुतारी आणि पिपाणीतला फरक कळत नाही वाटतं!"

मी काही बोललो नाही. पाहुण्याच्या हातात आंबा असताना वाद घालू नये, असे आमच्या आईने शिकवले आहे. पण ते वाक्य मला लागले. कारण मी जुन्या वळणाचा माणूस. शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. निवडणूक आली की इतर गुरुजींबरोबर माझ्याही नावाने हुकूम यायचा. शाईची बाटली, लाख, सुतळी घेऊन मी गावोगावच्या मतदान केंद्रांवर रात्री काढल्या आहेत. म्हणजे चित्र आणि मतदार, दोघांशीही माझा परिचय भाच्यापेक्षा जुना. तेव्हा त्या दिवशी गिळलेले उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी भाचा कशाला हसला ते सांगतो. सातारा मतदारसंघात भाजपचे उदयनराजे भोसले यांना ५ लाख ७१ हजार १३४ मते मिळाली. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाचे शशिकांत शिंदे यांना ५ लाख ३८ हजार ३६३. फरक ३२ हजार ७७१ मतांचा. शिंदे यांचे चिन्ह होते 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि त्याच यंत्रावर एक अपक्ष उमेदवार होते, ज्यांना ट्रंपेट मिळाला होता, आपण ज्याला पुढे पिपाणी म्हणू लागलो तो. त्यांना मते पडली ३७ हजार ६२. म्हणजे जिंकण्या-हरण्यातल्या अंतरापेक्षा पिपाणीची मते जास्त!

आता ही सगळी मते चुकूनच पडली असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. अपक्षाला मनापासून मत देणारी माणसेही असतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण दिंडोरीत काय झाले पाहा. तिथेही तुतारीवाले उमेदवार होते भास्कर भगरे. आणि पिपाणीवाले अपक्षही भगरेच! त्या अपक्षांना १ लाख ३ हजार ६३२ मते मिळाली. भास्कर भगरे निवडून आले म्हणून बरे, नाही तर नाशिककडच्या मंडळींनाही पुण्याच्या भाच्यांचे हसणे ऐकावे लागले असते.

मुळात ही चिन्हे आली कुठून? १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा देशात शंभरातल्या अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की उरलेल्या ब्याऐंशींनी मत द्यायचे कसे? त्यांनी सोपी युक्ती केली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चित्र. मतदाराने आडोशाला जायचे आणि मनातल्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा. खूण नाही, शिक्का नाही. देवळातल्या दानपेटीत पैसा टाकण्याइतके सोपे.

त्या वेळची चित्रे आठवून पाहा. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा. आज सगळ्यांच्या ओळखीचा असलेला हात त्या निवडणुकीत काँग्रेसकडे नव्हताच. तो होता फॉरवर्ड ब्लॉकच्या एका गटाकडे, नागपूरचे कामगार पुढारी रुईकर यांच्या. मला या चित्रांचे कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. बैल झाडासारखा दिसत नाही. झाड पणतीसारखे दिसत नाही. आणि हत्ती तर कशासारखाच दिसत नाही!

पुढे आयोगाने चित्रे काढायला स्वतःचा माणूस ठेवला. एम. एस. सेठी त्यांचे नाव. १९९२ साली ते निवृत्त झाले. शिलाई मशीन, सायकल, छत्री, कपबशी अशी घराघरातली चित्रे त्यांनी पेन्सिलीने काढून ठेवली. आमच्या ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत अपक्षांनी वर्षानुवर्षे ज्या वस्तूंवर मते मागितली, त्यातल्या कितीतरी या गृहस्थांच्या हातच्या. चित्रकलेच्या मास्तराला असा विद्यार्थी मिळाला तर तो पेढे वाटेल.

चित्र ओळखू येते की नाही, हे तपासायची आमच्या वर्गात एक रीत होती. मुलाने चित्र काढले की मी ते फळ्याला टेकवून ठेवायचो आणि त्याला चार पावले मागे जाऊन डोळे किलकिले करायला सांगायचो. डोळे किलकिले केले की बारकावे पुसले जातात. उरतो तो फक्त ठोकळ आकार. तेवढ्यावर घडा घडा वाटला आणि तांब्या तांब्या वाटला, तर चित्र पास. मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे सत्तरीच्या माणसाचे डोळे तसेच असतात. मुद्दाम किलकिले करावे लागत नाहीत!

आता या कसोटीला तुतारी लावू. २०२४ च्या ६ फेब्रुवारीला आयोगाने राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले. शरद पवारांच्या पक्षाला २२ फेब्रुवारीला नवे चिन्ह मिळाले आणि २४ तारखेला रायगडावर त्याचे अनावरणही झाले. चिन्हाचे पूर्ण नाव 'तुतारी वाजवणारा माणूस'. पण एवढे लांब नाव सभेत कोण घेणार? घोषणा झाली 'तुतारी'. लोकांनी लक्षात ठेवली तुतारी. आम्ही शाळेत केशवसुतांची 'तुतारी' शिकलो होतो, त्यामुळे शब्द तोंडात बसायला वेळ लागला नाही. पण केशवसुतांच्या शेजारी कोणी पिपाणी घेऊन उभे नव्हते.

यंत्रावर चिन्हाला किती जागा असते? काडेपेटीच्या चित्राएवढीसुद्धा नाही. त्या चौकोनात एक अख्खा माणूस उभा करायचा आणि त्याच्या तोंडाला वाकडी तुतारी लावायची. मग जागा कोणी खाल्ली? माणसाने. तुतारी राहिली एका बारीक आकड्याएवढी. उलट ट्रंपेटच्या चौकोनात माणूस नाही, काही नाही, नुसते वाद्य. चौकोनभर पसरलेले, मोठ्या तोंडाचे. ज्या मतदाराला महिनाभर 'तुतारी, तुतारी' असे सांगितले, तो आडोशामागे जाऊन वाद्य शोधणार की माणूस? तो वाद्य शोधणार. आणि वाद्य म्हणून ठसठशीत दिसत होते ते नेमके दुसरेच.

एवढ्यावर भागले नाही. आयोगाच्या मोकळ्या चिन्हांच्या यादीत इंग्रजीत ट्रंपेट असे लिहिले होते. त्याचे मराठी भाषांतर झाले 'तुतारी'! म्हणजे उमेदवारांच्या यादीत एकाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि दुसऱ्याचे चिन्ह 'तुतारी'. आता सांगा, अडाणी कोण? आमचा गावकरी? गावात कोणत्याही देवळाच्या पायरीवर विचारले असते तर सांगितले असते की तुतारी ती, जी पालखीपुढे आणि लग्नात वाजते, वाकडी असते, फुंकणाऱ्याचे गाल फुगतात. आणि सरळ नळीचे, बोटांनी खटके दाबायचे ते बँडवाल्यांचे. पिपाणी तर तिसरीच, जत्रेत पोरासोरांना घेऊन देतात ती. खरे म्हणजे ट्रंपेटला पिपाणी म्हणणे हाही पिपाणीवर थोडा अन्यायच आहे. पण निदान त्यामुळे दोन वाद्यांची दोन नावे तरी झाली. जे काम यादी करणाऱ्यांनी करायचे, ते निकालानंतर लोकांनी केले.

हाच आयोग चिन्हाच्या बाबतीत किती कडक असतो, तेही सांगतो. २०१२ च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात निवडणूक तोंडावर आली होती. बहुजन समाज पक्षाचे चिन्ह हत्ती आणि बागांमध्ये दगडी हत्ती उभे. मतदारांवर परिणाम होईल म्हणून आयोगाने ते हत्ती कापडाने झाकायला लावले. झाकलेला हत्तीही हत्तीच दिसतो, ही गोष्ट वेगळी. माझे म्हणणे एवढेच की दगडाच्या हत्तीची ज्यांना काळजी वाटते, त्यांनी तुतारीच्या शेजारी ट्रंपेट ठेवताना चार पावले मागे जाऊन एकदा पाहायला हवे होते.

"पण नवे चिन्ह म्हटले की गोंधळ व्हायचाच," असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे पाहायला साताऱ्याहून सांगलीला जावे लागेल. फार लांब नाही. १९४९ पर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो. मग वाटणी झाली, दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. भाऊ वेगळे झाले तरी डोके एकच, असे आम्ही मानतो.

त्या वर्षी सांगलीत लढत कशी होती? विशाल पाटील, संजयकाका पाटील आणि चंद्रहार पाटील. तिघेही पाटील! सांगलीत आडनाव पाहून मत द्यायचे म्हणजे कृष्णेत पाणी शोधण्यासारखे. शिवसेनेच्या ठाकरे पक्षाकडे मशाल, भाजपकडे कमळ. काँग्रेसची जागा आघाडीत मित्रपक्षाला गेली म्हणून वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. त्यांना चिन्ह मिळाले लिफाफा, लोकांच्या तोंडी पाकीट. निवडणुकीच्या दिवसांत पाकीट म्हटल्यावर आमच्याकडे काय समजतात, ते तुम्हाला सांगायला नको. रात्री गुपचूप हिंडणारी वस्तू दिवसाढवळ्या, भोंगा लावून फिरताना प्रथमच पाहिली!

उमेदवारी मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली. अपक्षांना चिन्हे मिळतात ती त्यानंतर. मतदान ७ मेला. मध्ये दिवस पंधरा. एवढ्या दिवसांत ते पाकीट जतपासून पलूसपर्यंत पोचले आणि त्याला ५ लाख ७१ हजार ६६६ मते पडली. फरक एक लाखावर. गंमत पाहा, शेजारच्या दोन मतदारसंघांत दोन विजयी उमेदवारांना पाच लाख एकाहत्तर हजार आणि वर थोडी मते. एक चिन्ह कित्येक वर्षांचे, एक पंधरा दिवसांचे. पंधरा दिवसांचे चिन्ह लोकांना सापडले, कारण यंत्रावर त्याच्यासारखे दिसणारे आणि त्याच नावाने हाक मारावे असे दुसरे काही नव्हते.

म्हणून मी म्हणतो की मतदार नव्या चिन्हाने चुकत नाही, सारख्या चिन्हाने चुकतो.

याला जुना पुरावाही आहे. यशवंतराव चव्हाण आमच्या साताऱ्यातून १९६७ साली बैलजोडीवर निवडून आले. मग काँग्रेस फुटली. १९७१ च्या निवडणुकीत बैलजोडी कोणत्याच गटाला वापरता आली नाही. यशवंतरावांच्या पक्षाला मिळाली गाय-वासरू. तरी सातारकरांनी त्यांना शोधून काढले. १९८० साली हात इंदिरा गांधींच्या पक्षाकडे होता आणि यशवंतराव दुसऱ्या काँग्रेसमधून उभे होते. तरीही निवडून आले. मी मतदानाच्या कामावर पहिल्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मतपत्रिका उलटीसुलटी करून मला विचारले होते, "गुरुजी, हितली बैलं कुटं गेली?" बैल जाऊन तोवर दहा-बारा वर्षे झाली होती. पण गृहस्थाने दुसऱ्या कशावर तरी शिक्का मारला नाही. आधी विचारले. बैल नाहीत हे त्याला दिसत होते. दोन सारखे बैल असते, तर त्याने विचारलेही नसते.

आणि ओळखीचे चिन्ह असले की सातारकर काय करतो, हे २०१९ साली दिसले. उदयनराजे घड्याळावर निवडून आले, चार महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात पोटनिवडणुकीला कमळावर उभे राहिले. घड्याळावर होते श्रीनिवास पाटील. १८ ऑक्टोबरला शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी निवडून आले. पुढारी घड्याळातून कमळात गेला, मतदाराने दोन्ही चिन्हे नीट ओळखून आपल्याला हवे ते बटण दाबले. तेव्हा भाचे हसले नाहीत.

नावांचा गोंधळ तर आणखी जुना. मोठ्या उमेदवाराच्या नावाचा दुसरा माणूस शोधून उभा करायची विद्या आपल्याकडे चांगलीच फोफावली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. आबांचे चिरंजीव रोहित पाटील उभे होते, तर यादीत आणखी काही रोहित पाटील! निवडून आले ते आबांचेच रोहित. असल्या प्रकारांवर उपाय म्हणून २०१५ पासून उमेदवाराचा फोटो मतपत्रिकेवर आणि यंत्रावर छापतात. उपाय चांगला आहे. पण फोटोही नखाएवढा असतो आणि आमच्याकडे सगळे उमेदवार पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, एकाच हसण्यात असतात.

लोकसभेनंतर तुतारीवाल्यांनी आयोगाकडे तक्रार केली. विधानसभेच्या वेळी त्यांचे चित्र ठळक करण्याची मागणी आयोगाने मान्य केली. ट्रंपेट मात्र वगळला नाही. दोन्ही चिन्हे वेगळी आहेत, असे उत्तर मिळाले. वेगळी आहेतच. टेबलावर, चष्मा लावून, चहा घेत पाहिली तर फारच वेगळी आहेत.

आता मी जुन्या वळणाचा असल्यामुळे माझे उपायही जुन्या वळणाचे आहेत. पहिला उपाय असा, की कोणतेही नवे चिन्ह यादीत घालण्यापूर्वी ते एखाद्या गावच्या पारावर न्यावे, चार म्हाताऱ्या माणसांना चार पावलांवरून दाखवावे आणि "हे काय?" एवढेच विचारावे. चौघांचे उत्तर एक आले तर घ्यावे. खर्च चार कप चहाचा. दुसरे, वस्तूला नाव लोकांच्या तोंडचे द्यावे, शब्दकोशातले नको.

तिसरा उपाय पुढाऱ्यांना आवडणार नाही. घराची वाटणी होताना भाऊ भाऊ देव्हाऱ्यावरून भांडू लागले, तर आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, "तो तिथंच राहू दे, दोघांनी नवे घडवा." पक्ष फुटला की चिन्हाचे तसे करावे. २०२२ च्या ऑक्टोबरात शिवसेनेच्या धनुष्यबाणाचे काही दिवस तसे झालेही होते. एकाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला. पक्ष कोणाचा, याचा निवाडा कायद्याने १९६८ च्या चिन्हांच्या आदेशावर करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुने चिन्ह मतदाराच्या डोळ्यांत बसलेले असते. ते त्याच्या सवयीचे असते, पुढाऱ्याच्या मालकीचे नसते. घर फोडायचे असेल तर जुनी पाटी माळ्यावर ठेवून दोघांनीही नव्या पाटीवर मते मागावीत. निम्म्या फुटी तर एवढ्यानेच थांबतील!

शेवटी एक घरची गोष्ट. माझ्या थोरल्या वहिनी गावाकडे, कोरेगाव तालुक्यात असतात. वय ऐंशीच्या पुढे. शाळा पाहिलेली नाही, पण मतदान कधी चुकवलेले नाही. ७ मेच्या उन्हात नातवाच्या गाडीवर बसून त्या मत देऊन आल्या. संध्याकाळी फोन केला तर खुशीत होत्या. "भावजी, झकास मोठं वाजंत्रं व्हतं बगा, लगीच घावलं. काचंतबी दिसलं." काचेत म्हणजे त्या चिठ्ठीच्या यंत्रात. सात सेकंद चिठ्ठी दिसते, तीत नाव आणि चिन्ह असते. वहिनींनी ते सात सेकंद नीट पाहिले होते. त्यांना दिसले ते वाद्यच होते.

मत गुप्त असते, म्हणून मी पुढे काही विचारले नाही. पण निकालानंतर टीव्हीवर दोन्ही चित्रे शेजारी शेजारी दाखवली, त्या रात्री त्यांचाच फोन आला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, मानूस बगाय पायजे व्हता व्हय? मग माजं मत गेलं कुटं?"

तीस वर्षे मी मुलांना चित्र ओळखायला शिकवले. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. भाचा तोवर पुण्याला परत गेला होता. पुढच्या सुट्टीत तो आला, की मी त्याला वहिनींकडे घेऊन जाणार आहे. हसायचे असेल तर त्याने तिथे, त्यांच्यासमोर बसून हसावे.